रताळ्याचं मूळ गाव

करंजदरा गावात रताळ्याबद्दल कुणाला फारसं काही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच कुणाच्या मनात कसली शंकाही नव्हती. रताळं महादेवानं हंबीररावांच्या घराण्याला दिलेलं, आणि महाशिवरात्रीला करंजेश्वरापुढं पहिलं ताट रताळ्याचंच जाणार, एवढं ज्ञान गावाला पिढ्यान्‌पिढ्या पुरलं होतं. दुसरं ताट सुरणाचं. त्याचा मान वीरधवलच्या घराण्याकडं. दोन्ही ताटं एकाच देवापुढं, एकाच पाटावर, हातभर अंतरानं ठेवली जात. त्या हातभर अंतरात दोन्ही घराण्यांची सगळी अब्रू मावलेली असे.

मग वीरधवलच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला.

त्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता की रताळं भारतीय नाहीच, परदेशी आहे. वीरधवल हवामानखात्यावर विश्वास ठेवत नसे, डॉक्टरवर ठेवत नसे, सख्ख्या भावावर तर नाहीच नाही. पण या कोटावर त्यानं बघता क्षणी ठेवला. यात्रा कमिटीच्या बैठकीत त्यानं मोबाईल सगळ्यांच्या नाकापुढून फिरवला आणि म्हणाला, "देव आपला, गाव आपलं, मग पयलं ताट भायेरच्या कंदाचं का म्हणून? सुरण हितला हाय. सुरण आधी."

कमिटीनं नेहमीप्रमाणं निर्णय घ्यायचं टाळलं आणि रविवारी देवळात बैठक ठेवली.

हंबीरराव म्हणजे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लगोलग साताऱ्याला नातीला फोन लावला. शिवांजलीनं वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केली होती आणि माती-पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. तिच्या शिक्षणाबद्दल आजोबांचं मत आजवर एकच होतं: गवताची नावं शिकायला साताऱ्यापर्यंत जायची गरज नाही, बांधावर उभं राहिलं तरी चालतं. त्या दिवशी मात्र त्यांचा सूर बदलला होता.

"पोरी, तुझ्या शास्त्राची वेळ आली," ते म्हणाले. "रविवारी ये. सगळ्या गावापुढं खरं काय ते सांगायचं."

"खरं सांगायचं?"

"तर. रताळं आपलं हाय, हे."

शिवांजली ही प्रयोगशाळेत चौथ्या दशांश स्थळावरून वाद घालणारी मुलगी. ती शनिवारी सांगलीच्या एसटीत बसली तेव्हा तिच्या पिशवीत दोन वह्या होत्या. आष्ट्याला उतरून वडापच्या जीपमधून गावाकडं येताना ओढ्याकाठी बेशरमीची झुडपं फुललेली दिसली. जांभळी, कर्ण्यासारखी फुलं. रताळ्याच्या वेलाला फूल आलंच तर ते नेमकं असंच येतं, कारण दोन्ही एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडं. कुणी तोडत नाही, कुणी खात नाही अशा या बेशरमीचा चुलतभाऊ महादेवापुढं पहिल्या मानाचा, हे गावाला सांगावं की नाही, याचा तिनं गाव येईपर्यंत विचार केला आणि सांगू नये असं ठरवलं. सांगण्यासारखं वाईट अजून बरंच शिल्लक होतं.

घरी सोप्यात आजोबा, तिचे आबा, खुर्ची टाकून तयारच होते. आजी, म्हणजे शालूबाई, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"आबा," शिवांजलीनं पाणी पिऊन सरळच सुरुवात केली, "रताळं अमेरिकेकडचं. मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा वरचा भाग. तिथं माणसं ते पाच हजार वर्षांपासून पिकवतात. आपल्याकडं बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजातून आलं. चार-पाचशे वर्षांपूर्वी."

हंबीररावांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "पाच हजार म्हणालीस?"

"तिकडं, आबा."

"तिकडं काय आन हिकडं काय, माइकवर कुणाला कळतंय? नुसतं पाच हजार म्हणून थांब."

"ते खोटं होईल."

"बरं, चारशे. पर थोडं मागं न्हेता येतंय का बघ. हजार कर. त्येच्यावर मी बी मागत न्हाई."

शतकं ही बाजारातली वांगी असल्यासारखा तो भाव चालला होता. शिवांजली चारशेवरून पाचशेवर आली, कारण तेवढं पुस्तकात बसत होतं. त्यापुढं ती हलेना.

"मग आपल्या मूळपुरुषाचं काय?" आबांनी विचारलं. "त्याला महादेवानं सपनात येऊन सांगितलं, बांधावर खण. त्यानं खणलं, तर रताळं. हे खोटं व्हय?"

"स्वप्नात वेल दाखवला होता की नुसता कंद?"

"असलं काय देवाला इचारत न्हाईत."

"आणि तुम्ही आफ्रिकेत होता ना शांतिसेनेत? तिथं बघितलं असेल की तुम्ही रताळं."

"बघितलंय तर. बायका पाल्याची सुदिक भाजी करायच्या."

"मग तेव्हा वाटलं नाही काही?"

"वाटलं की. आपलं रताळं कुठवर पोचलंय, म्हणून ऊर भरून आला."

चौकटीतून आजी म्हणाली, "ऊर भरायला ह्यास्नी काय बी चालतंय. मान ह्यांचा, आन पहाटं उठून उकडायचं मी."

"तू गप गं. म्हसवडकडच्या माणसाला काय कळतंय रताळ्यातलं? तिकडं कुसळाबिगार काय उगवत न्हाई." ही आबांची आवडती ओळ होती. लग्न झाल्यापासून ते ती म्हणत आले होते आणि आजी ती पावसापाण्यासारखी अंगावरून जाऊ देत आली होती. आजी आत गेली.

मग आबांचा आवाज खाली आला. "हे बघ शिवा. ताट एकदा मागं सरकलं की पुन्यांदा पुढं येत न्हाई. माझ्या आज्यानं ते धरलं, बापानं धरलं. मी रजा काढून काढून यायचो त्यापायी. माझ्या हयातीत ते मागं गेलं, असं नको व्हायला. तू खोटं बोल म्हणत न्हाई मी. पर घरच्याच पोरीच्या तोंडानं गेलं, असं तर नकोच नको."

शिवांजलीनं पिशवीतल्या दोन्ही वह्या उघडून बघितल्या. त्यांत ताटाबद्दल काहीच नव्हतं.

बैठकीला पंच कोण असावा, यावरही खल झाला होता. पोलीस पाटलांनी हंबीररावांकडची रताळी आयुष्यभर खाल्लेली. सरपंच वीरधवलचे मेव्हणे. शाळेतल्या गुरुजींना सुरण खाजायचं, म्हणजे तेही एका बाजूला कललेलेच. शेवटी कुणाला तरी आष्ट्याच्या वर्धमान आण्णांचं नाव सुचलं. आण्णा अडत्ये. गावची रताळी आणि सुरण पोत्यांनी उचलून मुंबईला पाठवणारे. पण घराणं जैन, पक्कं. जमिनीखालचं काही त्यांनी जन्मात तोंडात घातलेलं नव्हतं. ज्याला दोन्हीची चवच ठाऊक नाही तो झुकणार कुणीकडं, असा गावाचा बिनतोड हिशेब. या न्यायानं कुस्तीलाही कधी आखाड्यात न उतरलेला पंच चालायला हवा होता. पण कुस्तीच्या बाबतीत करंजदरा एवढं बेफिकीर नव्हतं.

"आवं, आमी कांदासुदिक शिवत न्हाई," आण्णांनी हात जोडले होते. "मला कशाला ह्यात ओढताय?"

"म्हणूनच," कमिटी म्हणाली.

रविवारी सकाळी देऊळ भरलं. महाशिवरात्र तोंडावर आलेली, त्यामुळं मंडपाच्या कळकांवर लोक चढून बसले होते. मध्ये पाटावर एक रताळं आणि एक सुरण ठेवले होते, दोन आरोपींसारखे. वर्धमान आण्णा खांबाला टेकून बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

वीरधवल उभा राहिला. मोबाईल स्पीकरला जोडून त्यानं व्हिडिओ ऐकवला. पांढरा कोट दिसत नव्हता, पण आवाजातही तो जाणवत होता. "ऐकलं का मंडळी?" तो म्हणाला. "सायबाचं खाणं महादेवाला आधी, आन आपला सुरण रांगंत मागं. हे आता चालायचं न्हाई. सांग शिवांजली, तू शिकलेली हाईस. सुरण हितला का न्हाई?"

शिवांजलीनं माइक घेतला. आबा समोरच बसले होते, पाठ ताठ, नजर सरळ, परेडला बसावं तसे.

"सुरण इथलाच, काका," ती म्हणाली. "आपल्याकडं आणि पूर्वेकडच्या देशांत तो जंगलातही आपोआप उगवतो. फक्त ते मूळ नाही. ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. रताळं मात्र खरोखरचं मूळ आहे."

"म्हणजे सुरण कंदमुळात बसतच न्हाई?" मागून कुणीतरी विचारलं. आबांच्या मिशा किंचित हलल्या.

"कंदात बसतो, मुळात नाही. त्याला जे फूल येतं त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येतो, माश्या बोलवायला. आणि त्याच्यात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज येते आणि चिंच घालावी लागते."

"महादेवाला खाज येत न्हाई," वीरधवल म्हणाला. "रताळ्याचं बोल."

ती बोलली. अमेरिका, पोर्तुगीज, जहाजं, सगळं. पाचशेच्या वर एक वर्ष तिनं चढवलं नाही. बोलताना तिनं आबांकडं बघायचं टाळलं. पण ताठ पाठ थोडी खचली, ते न बघताही कळलं. देवळात कुजबुज झाली. वीरधवलनं दोन्ही हात कमरेवर ठेवले, फोटो काढायला उभा राहावा तसा.

"झालं तर मग," तो म्हणाला. "परदेशी ते मागं. घरचीच पोरगी म्हणतीया."

"पण काका, माझं संपलं नाही," शिवांजली म्हणाली. "परदेशी मागं, असा नियम करायचा तर सगळ्यांना करू. शिवरात्रीला दुपारी मोठ्या कढईतली खिचडी तुमच्याकडून असते ना?"

"असती की. साबुदाणा आमचा, शेंगदाणं आमच्या रानातलं. फ्लेक्सवर नाव असतंय." ते होतंच, आणि नावापेक्षा फोटो मोठा असे.

"साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो ब्राझीलकडचा."

"मद्रासकडनं येतोय."

"कंद तिकडून आला. शेंगाही तिकडच्याच, दक्षिण अमेरिकेतल्या."

वीरधवलचे हात कमरेवरून सुटले. "शेंगा बी?"

"शेंगा बी. खिचडीतली हिरवी मिरची मेक्सिकोची. बटाटा पेरू देशाचा. आणि ज्यांना साबुदाणा सोसत नाही ते राजगिऱ्याचे लाडू खातात, तो राजगिराही तिकडचाच. पिकं सगळी एकाच बाजूची. आपण उपास करतो म्हणजे अमेरिकेचं ताट वाढून घेतो."

कळकांवरचे लोक खाली वाकून ऐकू लागले. देव-देश-धर्म यांपैकी कशाहीबद्दल करंजदऱ्यात सहज भांडण होई. पण खिचडीबद्दल आजवर मतभेद झाला नव्हता.

"मग राह्यलं काय?" कळकावरून एकानं विचारलं.

"वरईचे तांदूळ. शिंगाडा. दही. आणि सुरण. मिरचीशिवाय."

"दिवसभर?"

"दिवसभर."

गाव गंभीर झालं. एक बाई म्हणाली, की लेकरं उपास धरतात ती खिचडीच्या जिवावर. दुसरी म्हणाली, की लेकरांचं कशाला, आपलं बोल. तरुण मंडळाचा अध्यक्ष उठून म्हणाला, की एवढ्या लांबून आलेल्या मालाला आता परदेशी म्हणणं बरोबर नाही, इथल्या मातीत रुजलाय तो. काल संध्याकाळी याच अध्यक्षानं स्वदेशी सुरणाचं स्टेटस ठेवलं होतं. त्यानं ते बसल्या बसल्या काढून टाकलं.

वीरधवल आण्णांकडं वळला. "आण्णा, तुमी पंच हायसा. परदेशी का न्हाई, ते सोडा आता. पर पयलं ताट कुणाचं?"

वर्धमान आण्णांनी टोपी डोक्यावर घातली. "माझी अडचण अशी हाय गड्या, की मला ह्यातलं कायच खाता येत न्हाई. पर मी तुमच्या दोगांच्या घरी जेवलोय. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"तुझ्या घरी माझ्यासाठी कांदा-लसूण नसलेलं वायलं कालवण झालं. सुभेदारांच्या घरी बी झालं. आन दोनी घरांत ताट आधी कुणाम्होरं आलं?"

"तुमच्या."

"तुझ्या म्हाताऱ्याच्या आधी?"

"म्हणजे काय आण्णा. पाव्हण्याला आधी वाढायचं, घरचं मागनं बसणार. हे काय इचारायचं झालं?"

"मग झालं की," आण्णा म्हणाले. "पोरगी म्हणतीया रताळं पाव्हणं. सुरण घरचा माणूस. घरच्या माणसानं पाव्हण्याच्या आधी ताटावर बसायचं, असं तुमच्या गावात हाय का? असलं तर सांग. मी तसा निकाल देतो."

वीरधवलनं मोबाईल या हातातून त्या हातात घेतला. हो म्हणावं तर पाहुणचाराला बट्टा, आणि नाही म्हणावं तर ताट गेलं. सुरण घरचा आहे हे तर तोच पंधरवडाभर ओरडून सांगत होता.

"पर एक हाय," आण्णा पुढं म्हणाले. "पाव्हणं हाय म्हणून आधी. सुभेदारांनी तसं कबूल केलं तर. ते हितलंच म्हणत असतील, तर मग दोनी घरचीच. मग मला न्याय न्हाई करता यायचा."

सगळ्यांच्या माना हंबीररावांकडं वळल्या. शिवांजलीनं माइक खाली ठेवला. मूळपुरुषाचं स्वप्न सोडावं तर ताट राहतं, स्वप्न धरावं तर ताट जातं. आबा उठले. त्यांनी पाटावरच्या रताळ्याकडं बघितलं, जणू ते इतकी वर्षं घरात राहून आज पहिल्यांदा आडनाव सांगत होतं.

"पाव्हणं तर पाव्हणं," ते म्हणाले आणि खाली बसले.

महाशिवरात्रीला पहिलं ताट रताळ्याचंच गेलं. आबांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं आणि फेटा नवा होता. शिवांजली मंडपात आजीशेजारी उभी होती. तिला बरं वाटत होतं. खोटं न बोलता ताट राहिलं होतं, आणि विज्ञानाचा या गावात निदान एकदा तरी उपयोग झाला होता. हे समाधान कर्ण्यावरच्या निवेदकानं घसा साफ करेपर्यंत टिकलं.

"भाविकहो," निवेदक म्हणाला, "आपल्या गावच्या शास्त्रज्ञ शिवांजलीताई यांनी संशोधनानं सिद्ध केलेलं आहे, की पाचशे वर्षांपूर्वी सुभेदार हंबीरराव यांचे मूळपुरुष हे स्वतः जहाजानं दक्षिण अमेरिकेला गेले, आणि महादेवाच्या आज्ञेवरून त्यांनी तिथून रताळं आणलं."

शिवांजली गर्दीतून वाट काढत आबांपाशी पोचली. "आबा, हे मी कधी म्हणाले?"

"जहाजातनं आलं, असं म्हणालीस का न्हाई?"

"म्हणाले."

"जहाजात कोणतरी असंलच की."

"पोर्तुगीज होते."

"सगळंच्या सगळं?" आबांनी विचारलं. "तू मोजलं व्हतंस?"

तिनं मोजले नव्हते. तिला हेही कळलं, की पुढच्या वर्षीपर्यंत जहाजाचं नाव ठरेल आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याचं चित्र देवळाच्या भिंतीवर येईल. जहाज बहुधा भगव्या शिडाचं असेल. ती तशीच घराकडं वळली.

आजी मागच्या परसात चुलीपाशी बसून उरलेली रताळी सोलत होती. शिवांजलीनं तिच्यापुढं सगळं ओतलं. आजीनं ऐकून घेतलं आणि एक गरम रताळं नातीच्या हातात ठेवलं.

"बस की. खा आधी. इतकं जिवाला लावून घ्यायचं न्हाई."

"पण आजी, निदान खरं कुठून आलं ते तरी…"

"म्हसवडहून," आजी म्हणाली.

शिवांजलीचं रताळं ओठांशीच राहिलं.

"तुझं आबा तवा फौजेत. हितं पाण्याची स्कीम झाली, आन सगळ्या गावानं ऊस धरला. तुझ्या पणज्यानं रताळ्याचा शेवटचा वाफा सुदिक मोडला. उसापुढं कुणाला महादेव आठवतोय? मग शिवरात्र आली, आन ताटात घालायला रताळं न्हाई. त्या वर्षी बाजारातनं आणलं, गुपचूप. पुढच्या पावसात मी माह्यारला गेले, आन येताना वेलाचं तुकडं ओल्या फडक्यात बांधून आणलं. परड्यात लावलं. तेच हे. तवापासनं तेच."

शिवांजलीच्या डोक्यात एकदम कितीतरी प्रश्न उभे राहिले. "आणि म्हसवडला कुठून आलं होतं?"

"माझ्या आईनं आणलं व्हतं. तिच्या माह्यारनं."

"आणि तिच्या माहेरी?"

"तिच्या आईला इचार. म्येली ती." आजीनं पुढचं रताळं उचललं. "बाईमाणूस नांदाया जातं तवा वेल संगं जातोच गं. हंड्यात न्हाई तर वटीत. त्यात इचारायचं काय?"

पुस्तकात जहाजं होती, बंदरं होती, वर्षं होती. हे कुठंच नव्हतं. शिवांजलीनं हातातल्या रताळ्याकडं बघितलं: तांबूस साल, आत पांढरं, मधोमध दोरे. अमेरिकेतून समुद्रापर्यंत, समुद्रातून बंदरापर्यंत, आणि बंदरापासून या परड्यापर्यंत ओल्या फडक्यांची केवढी लांब रांग. बाहेर कर्ण्यावर मूळपुरुष पुन्हा एकदा जहाजात चढत होते.

ती उठली. "आबांना सांगते."

"खाली बस," आजी म्हणाली. तिनं सालं गोळा करून शेळीपुढं टाकली आणि हात पदराला पुसले. "अमेरिका पचली त्यास्नी. म्हसवड न्हाई पचायचं."